मामंजींची रॉकेलची शपथ

२ जानेवारी १९४४

आज चावडीपुढे सभा झाली. तालुक्याहून साहेब आले होते. लढाई आहे, रॉकेल जपा, एक घर — एक दिवा! एवढं सांगायला चार गॅसबत्त्या पेटवल्या होत्या. मागे बसलेल्या आम्हा बायकांचेसुद्धा डोळे दिपले.

मग आमचे मामंजी उठले. सासऱ्यांना चारचौघांत बोलायची भारी हौस. "एक तरी कशाला? आमच्यात जेवणं झाली की दिवाच न्हाई. ही शपथ." टाळ्या! साहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला.

मार्चात माझी साताऱ्याला सातवीच्या फायनलची परीक्षा. दिवसा मान वर करायला सवड नाही. पुस्तक उघडायचं ते जेवणं उरकल्यावरच.

५ जानेवारी

शपथ खरीच निघाली. शेवटची भाकरी ताटात पडते न पडते तोच ओसरीवरून — "इजला का दिवा?" आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणतात, "व्हय, इजला." मग स्वारी निवांत.

आज अंधारात मी घागरीला धडकले. आत्तींनी उंबऱ्याला अंगठा फोडून घेतला. मामंजी मात्र सरळ चालत गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवून येतात. शपथ घेणाऱ्याला देव बरा सांभाळतो! सुनेनं सासऱ्याला नावं ठेवू नयेत म्हणतात. तोंडाने नाही ठेवत, कागदावर ठेवते.

९ जानेवारी

चुलीच्या उजेडात व्याजाची दोन गणितं. दोन्ही चुकली. आत्ती म्हणाल्या, "पोरी, केस जाळून घेशील."

१६ जानेवारी

आमच्या उसाचं गुऱ्हाळ लागलंय. दिवस मावळताना भाकऱ्या घेऊन गेले आणि पदराखालचं पुस्तक काढून, रस उकळणाऱ्या काहिलीखालच्या चुलवाणापुढे उभी राहिले. काय तो उजेड! रॉकेलचा थेंब नाही, नुसती चिपाडं. भूगोलाचा अख्खा धडा झाला. जाळ घालणारा आमचा गडी केरबा हसत होता — "वैनी, काहिलीत पुस्तक पडंल, मग गूळच शिकून निघंल."

पुरुषांत उभी राहिले हे कळायला नको होतं, तेवढंच.

१७ जानेवारी

कळलं. मामंजी जेवले नाहीत.

२३ जानेवारी

आज मीच बोलले. सहा दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, पलटणीत जाताना ह्यांनीच सांगितलंय, परत येईन तेव्हा घरात मास्तरीण दिसली पाहिजे. तिकडे वाळवंटात ते, इकडे अंधारात मी. मला परीक्षेला बसायचंय, मामंजी.

"आन् लोक काय म्हणतील? चार गावांत माझ्या शपतंचं नाव घेत्यात."

"नाव तुमचं आणि अंधार माझा!"

निघून गेलं तोंडातून. मामंजी काठी चाचपून उठले, केरबाला हाक मारून मळ्याकडे गेले. हल्ली केरबाशिवाय पाऊल उचलत नाहीत. मोठेपणा! चुकले का मी? नाही चुकले.

२५ जानेवारी

गोवऱ्या थापताना आत्ती म्हणाल्या, "त्यास्नी तसं बोलू नगंस गं. तुला समदं ठावं न्हाई." काय ठाऊक नाही ते विचारलं तर उठून पाणी आणायला गेल्या. घागर भरलेली होती.

झोप नाही. पुस्तक उशाशी घेते आणि तसंच ठेवते.

२७ जानेवारी

नवल! सकाळी मामंजी केरबाच्या हातून रॉकेलची बाटली घेऊन आले. मला समोर बोलावलं. "शपत माझी हुती, तुझी न्हवं. आज जेवणं झाली की कंदील लाव. माज्याम्होरं लाव, ओसरीवर. कोण काय म्हणतंय ते मी बघून घेतो."

मी पायाच पडले. दुपारभर काच पुसत बसले. उगाच वाईट वाटतंय, आणि आनंदही होतोय.

२८ जानेवारी

काल रात्री कंदील लावला. काडेपेटी मिळत नाही, म्हणून चुलीतल्या जळत्या चिपाडानेच पेटवला आणि मामंजींच्या पुढ्यात ठेवला. दिवा लागला की घरातली सगळी हात जोडतात. आत्तींनी जोडले, मी जोडले. मामंजी तसेच बसून.

"लाव की गं. किती येळ लावतीस?"

वात मोठी होती. त्यांच्या तोंडावर लख्ख उजेड पडला होता. आत्तींनी माझं मनगट घट्ट धरलं आणि नुसती मान हलवली.

"लावते, मामंजी," म्हटलं. देवळीत जपून ठेवलेली एक काडी घेतली आणि पेटलेल्या कंदिलाशेजारी ओढली. आवाज ऐकून त्यांनी हात जोडले.