दूध कमी हाय

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर जरा थांबावं लागतं. पण तुझं एक वाक्य कानात जसंच्या तसं आहे. "दूध कमी हाय." रोज सकाळी स्टोव्हपाशी बसून तू बाबांच्या कपात अर्धाच चहा ओतायचीस, आणि त्यांनी डोळे वर केले की हेच म्हणायचीस. मिलच्या पहिल्या पाळीची घाई, त्यात अर्धा कप. बाबा कुरकुरत दोन्ही हातांनी कप धरून प्यायचे. मला वाटायचं, आपल्या घरी दूधच पुरत नाही. दुपारी शाळेतून आलो की विरजणाचं भांडं भरलेलं दिसायचं, तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. एखाद्या सकाळी मात्र बाबा एका हातानं कप उचलायचे, ऐटीत, मला टपली मारायचे, दुसरा कप मागायचे. त्या दिवशी मला लई बरं वाटायचं. तू मात्र अशा सकाळी कुणाशी बोलायची नाहीस, नुसती भाकरी थापत राहायचीस. माणूस खुशीत आहे आणि ही बाई तोंड पाडून बसलीय, असं वाटायचं मला.

तुला कुणी सांगितलं नसेल, मीपण पितो. बाबांसारखाच, किंवा जास्तच. वाळूजला कंपनीत प्रेस मशीनवर होतो, आता पॅकिंगला बसवलंय, कारण हात थरथरणारा माणूस मशीनवर कोण ठेवणार. तुझी सून पोरीला घेऊन जालन्याला माहेरी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही आधी न पिता राहून दाखवा, मग बघू," एवढंच म्हणाली आणि पोरीची वेणी घालत बसली. पोर माझ्याकडं बघत नव्हती.

कंपनीची बस सोडते तिथं एक म्हातारे रिक्षावाले चाचा असतात. दारूच्या दुकानासमोरून उचलून त्यांनी मला कितीदा घरी आणून टाकलंय, माझं मलाच माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांनी रिक्षा घराकडं वळवलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आज घर नक्को. एक जगा बैठनेका है. कुछ बोलनेका नहीं, खाली चाय पीनेकी." नेलं कुठं, तर एका शाळेच्या वर्गात. पोरांचे बाक, त्यावर गुडघे वर करून बसलेली मोठाली माणसं. मला वाटलं भिशी आहे, नाहीतर भजन. निघाली दारू सोडू बघणाऱ्यांची बैठक. मग चाचाच उठले आणि नाव सांगावं इतक्या सहज म्हणाले, "मैं शराबी हूं." मला इतकी लाज वाटली की उठून जावं, पण बाकात गुडघे अडकलेले.

नंतर चाचा किटली घेऊन फिरले. सगळ्यांना भरून कप, मला अर्धा. "दूध संपलं का?" मी विचारलं. ते हसले. "दूध बहोत है, मियाँ. तुम्हारा हाथ देखे क्या?" तिथली रीतच आहे ती. नव्या माणसाला अर्धा कप, म्हणजे हात थरथरला तरी चहा सांडत नाही आणि माणसाची चारचौघांत शोभा होत नाही. मी कपाकडं बघत राहिलो आणि मला तुझा स्टोव्ह दिसला, विरजणाचं भांडं दिसलं. मी त्या बाकावर रडलो, माय. लोकांना वाटलं, पहिला दिवस आहे, होतं असं. घरी आल्यावर आणखी एक गोष्ट आठवली. तुझी सूनही जायच्या आधी कितीतरी महिने मला अर्धाच चहा देत होती. "जास्त घेऊ नका, पित्त होतं तुम्हाला," म्हणायची. आणि मी मान डोलवायचो.

तेव्हापासून जातो तिथं. थोडे दिवस निभतात, मग पुन्हा घसरतो, पुन्हा जाऊन बसतो. त्यांचं ऐकून मला बळ येत नाही, खोटं कशाला सांगू. तिथं सगळी माणसं चांगली आहेत, आणि बाबाही चांगलेच होते की, तरी सुटली नाही. एकदा चाचांना विचारलं, मला भरून कप कधी? म्हणाले, "हाथ कांपता तो कांपने दो. उतरते उतरते उतरेगा. एकदम सीधा हो गया तो मेरेकू डर लगता." मग मला तुझ्या त्या गप्प सकाळी कळल्या. बाबा उठल्या उठल्या, तुझा डोळा चुकवून, घेऊन बसलेले असायचे. मी खूश व्हायचो त्याच दिवशी.

आज संध्याकाळच्या बैठकीला घरच्यांना बोलवायचं ठरलंय. ती जालन्याहून पोरीला घेऊन येतेय. स्वतः फोन केला तिनं. पोर माझ्या शेजारी बसेल, चहा फिरेल, आणि बापाला अर्धा कप का, असं ती विचारल्याशिवाय राहायची नाही. सकाळी शर्टाची बटणं लावायला घेतली तर एकसुद्धा लागेना. बराच वेळ पलंगावर बसून होतो. हे कागद आता घडी घालून ट्रंकेत तुझ्या लुगड्याखाली ठेवतोय. दुसरीकडं कुठं पाठवणार?

अक्षर बघ किती सरळ आलंय. थोडीशीच घेतली, माय, हात थांबण्यापुरती. आज चाचांनी कप काठोकाठ भरला तरी थेंब सांडणार नाही. पोर बघेल आणि खूश होईल, आणि तिची आई गप्प बसेल.