अमेरिकेच्या बाईला तुझा अभिप्राय

आई, तुझ्या त्या अमेरिकेच्या बाईवरून काल इथं धाराशिवात चांगलंच वाजलं. आम्ही दहाबाराजण महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या माडीवर जमतो. एकच लेखक सगळ्यांनी वाचून यायचा आणि आपापलं मत सांगायचं. या वेळी तिची पाळी होती. ती अजून लिहिते बरं का, केस मात्र पार पांढरे झालेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, हिच्या कादंबऱ्यांत काही घडतच नाही, माणसं नुसती खिडकीतून बर्फ बघत बसतात. औषधाचं दुकान चालवणारी एक मुलगी त्यांच्यावर तुटून पडली. मग विषय आला त्या दोन बहिणींच्या कादंबरीवर आणि तिच्या शेवटावर. बंद दाराचं ते पान कुणाला क्रूर वाटलं, तर कुणाला तिच्या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात खरं. मी इंग्रजीची प्राध्यापक, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दार उघडायला हवं होतं." सगळे खो खो हसले. माझे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा इतकं बाळबोध बोलत नाहीत. हसले मीही.

बंद दार म्हटल्यावर तू बुचकळ्यात पडशील, कारण तुला मी वेगळंच सांगितलं होतं. आठवतं का, भूमचं ते मुलींचं वसतिगृह, जिथं तू सैपाकाला होतीस? मुली शाळेला गेल्यात, सैपाकघरात अजून भाकरीचा वास आहे आणि तू भिंतीला टेकून परातीत ज्वारी निवडतेस. मी बाहेरून एम.ए. करते आहे. पुठ्ठा गेलेलं ते जुनं पुस्तक मांडीवर घेऊन मी मनात इंग्रजी वाचते आणि तुला मराठीत सांगते. तुझे अभिप्राय जागच्या जागी. धाकटी बहीण बर्फात एकटी राहते म्हटल्यावर, "आगं, एवढ्या थंडीत शेजारीण कुठं मेली तिची? एक बाई यिऊन बसंना व्हय तिच्यापाशी?" ती भांडलेल्या थोरलीकडं सफरचंदाचा पाय घेऊन निघाली, तेव्हा पाय म्हणजे काय हे मला काही केल्या सांगता येईना. परातीएवढी करंजी समज, म्हटलं. तू निवडायचं थांबवून विचार केलास आणि म्हणालीस, "एवढी तळायला कढई लई मोठी लागंल." काकांना काही घडत नाही असं वाटतं, कारण त्यांनी ते तुझ्याबरोबर वाचलेलं नाही.

शेवटच्या पानावर ती धाकटी थोरलीच्या पायरीवर उभी राहते, आत दिवा आहे, ती दार वाजवते, पुन्हा वाजवते. दार उघडत नाही. भांडं पायरीवर ठेवून ती परत निघते आणि पुस्तक संपतं. मी ते मनात वाचलं आणि वर बघितलं, तर तुझा हात परातीत तसाच थांबलेला. तुझ्या आणि अणदूरच्या मावशीच्या अबोल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं, पाहुण्यांना शब्द देऊन बसली होती, आणि तू "पोरगी आधी शिकंल" म्हणून परत पाठवलंस. भांडणाचं मूळ मी, माझं इंग्रजी. "मग?" तू विचारलंस. "मग बहिणीनं दार उघडलं," मी म्हणाले, "आणि दोघी रडल्या." तू पुन्हा ज्वारी निवडायला लागलीस आणि एवढंच म्हणालीस, "रडायच्याच."

तिसऱ्या दिवशी तू शेंगाच्या पोळ्या केल्यास. त्या धाकटीनं नेलं, मग म्या बी नेते, म्हणालीस आणि पिशवी घेऊन एसटीत बसलीस. तुला थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ती हिंमत माझ्यात नव्हती. दिवसभर तुझ्या जागी बसून मी भाकरी करपवल्या. मावशीचा स्वभाव मला माहीत होता. तू पिशवीसकट परत आलीस, तर ते पाप माझंच. संध्याकाळच्या गाडीनं तू आली नाहीस. आलीस ती दुसऱ्या दिवशी दुपारी, मावशीनं नेसवलेलं नवं लुगडं नेसून. "दार उघडलं का गं तिनं?" मी विचारलं. तू हसलीस. "उघडंच हुतं की. तिकडं दिवसा दार कोण लावतंय?"

त्याच दुपारी तू मला निळं परदेशी टपालाचं पत्र आणायला लावलंस. "लिव त्या बाईला. म्हणावं, तू लिवलंस तसंच झालं. म्या गेले, माझी बहीण भेटली. तुजं लई चांगलं हुईल." मी लिहून घेतलं. पुढं किती दिवस तू पोस्टमन दिसला की मला खूण करायचीस. पत्र टाकलंय, लांबचा मुलुख आहे, वेळ लागतो, असं मी सांगत राहिले. तू ते मान्य केलंस, आणि तुला जाऊन आता सतरा वर्षं झाली.

ते पत्र मी टाकलंच नाही, आई. पुस्तकातच आहे, आज काढलं. आमच्या गटानं ठरवलंय, सगळ्यांची मतं एकत्र करून तिच्या प्रकाशकाकडं ईमेलनं पाठवायची. काकांनी दीड पान खरडलंय. मला वाटलं, त्यात तुझं मत असायलाच हवं. तिच्या पुस्तकानं एसटीत बसवलेली आमच्यात तू एकटीच. तिला कळणार नाही ही बाई कुठल्या दाराबद्दल बोलते. न कळू दे. म्हणून आज दुपारी बसून मी तुझं सगळं इंग्रजीत केलं, शेजारीण आणि कढईसुद्धा.

पण पत्राच्या खाली, घडीच्या आत, तू सांगितलेली आणखी एक ओळ आहे. तेव्हा पत्र पेटीत टाकायला माझा हात धजला नाही, तो त्या ओळीमुळंच: "माझी पोरगी मला वाचून दावती. ती एक शब्द इकडचा तिकडं करत न्हाय."

ती ओळ मी आजही गाळली आहे.