रविवारी न दिलेले विरजण

मी, श्रीमती चतुराबाई म्हाळू देवकते, वय आधार कार्डाप्रमाणे बहात्तर, धंदा शेळ्या राखणे आणि हातपाय चालले तोवर ऊसतोड, राहणार बरडवस्ती, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. खरे वय मला माहीत नाही. कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि वस्तीवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण गुडघ्यांची अट कायद्यात नाही, असे बजरंग गुरुजी सांगतात.

बजरंग गुरुजी म्हणजे वस्तीवरच्या शाळेचे निवृत्त मास्तर. मी सांगते, ते लिहितात, आणि माझे बोलणे नीट करून घेतात. मला चौथीपर्यंतचे वाचता येते, म्हणून लिहिलेले मी पुन्हा वाचून पाहिले आहे. दबाव आणायला घरात कोणी नाही. मुलगा सोमनाथ आणि सून वनमाला दिवाळीपासून कारखान्यावर आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम १. माझ्या नावावर सातबाऱ्यावर असलेली दीड एकर जमीन आणि पत्र्याचे घर सोमनाथ आणि वनमाला या दोघांच्या नावे समान करावे. एकट्या सोमनाथचे नाव लावू नये. कोयता दोघे चालवतात आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते ती वनमाला. सोमनाथला राग येईल. येऊ दे, तो उतरेपर्यंत मी नसेन. माझी मुलगी रोहिणी पालीला दिली आहे. ती माहेरी येईल तेव्हा पुढची खोली तिची, आणि ती आल्यावर खोलीतली खताची पोती बाहेर काढावीत, तिने सांगायची वाट पाहू नये.

कलम २. सात शेळ्या वनमालाला. मालकांचे, म्हणजे म्हाळूंचे घोंगडे सोमनाथला. ते धुवू नये. बँकेत जे काही असेल ते रोहिणीला.

कलम ३. माझा कोयता कोणालाही देऊ नये, भंगारात घालावा. त्या कोयत्यापायी मी अंदाजे बत्तिसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढून घेतली. पोटात दुखत होते एवढेच. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितले, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादम म्हणाला, काढूनच टाक, पाळीपायी खाडे होणार नाहीत. आमच्या टोळीत सहा बायका होत्या, चौघींची काढलेली होती. पुढे नात सुकन्या शिकली, तिने माझे जुने कागद पाहिले आणि म्हणाली, "आज्जे, ह्यात खराब असं कायच लिव्हलेलं न्हाई गं." आता त्या दुखण्यावर गोळ्या आहेत, नुसत्या रक्तावरून आजार ओळखण्याचे शोध चालू आहेत, असे ती सांगत होती. मी ऐकून घेतले. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे दुखणे, त्यावर आता काय बोलायचे.

कलम ४. बायडाबाई, जिचे वस्तीच्या तोंडाशी किराणा आणि दुधाच्या पिशव्यांचे दुकान आहे, तिच्याबद्दल. तिने माझ्या मयताला यावे, पण पुढे बसू नये. कारण पुढच्या कलमात येईल.

कलम ५. हे कलम लांब आहे. खरे तर एवढ्यासाठीच गुरुजींना बोलावले आहे.

आमच्या घरात एक विरजण आहे. ते माझ्या सासूबाई साखराबाई यांनी त्यांच्या सासूकडून घेतले. मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडताना, पुढे ऊसतोडीला जाताना ते आमच्या बरोबर राहिले. ऊसतोडीला आम्ही दोन शेळ्या नेत होतो. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, उन्हाच्या तडाख्यात त्या विरजणाचे दही आठ-आठ दिवस खाण्याजोगे राहायचे. शेजारच्या कोपीतले दुसऱ्या दिवशी आंबट ढाण व्हायचे. कावून राहते ते आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कावून म्हणजे कशामुळे. हा शब्द गुरुजींनी तीनदा खोडला, मी तीनदा परत घालायला लावला.

विचारले ते सुकन्याने. ही रोहिणीची मुलगी, बीडला शाळा शिकली, पुढे मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागली. ती म्हणाली की दह्यात जिवंत जिवाणू असतात, आणि आपल्या विरजणात बहुतेक असे काही आहेत जे स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. ते आवरण वेगळे काढता आले तर त्याचा पापुद्रा करायचा. भाकरी त्यात गुंडाळली तर प्रवासात चार दिवस टिकेल. जखमेवर लावला तर जखम चिघळणार नाही. खाण्याच्या विभागाने जिवाणू ओळखायचे, रसायनवाल्यांनी पापुद्रा करायचा, डॉक्टरांच्या विभागाने तपासायचा, असे तिघांचे मिळून काम होते आणि त्याची सुरुवात सुकन्याच्या बाटलीपासून होणार होती. तिने फोनवर सांगितले, "आज्जे, तुझं नाव येनार हाय त्यात. चतुराबाईचं इरजन असंच लिव्हायचं ठरलंय." मला हसू आले आणि बरेही वाटले.

ती म्हणाली, रविवारी येते. तिला सुट्टी रविवारीच.

आता देवकत्यांच्या घरातली रीत सांगते. रविवार खंडोबाचा. त्या दिवशी आमचे विरजण उंबऱ्याबाहेर जात नाही. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ताकीद दिली होती. त्यांनी एकदा रविवारी दिले आणि त्या आठवड्यात अकरा मेंढ्या मेल्या. मेंढ्या रोगाने मेल्या असतील, हे मला तेव्हाही कळत होते. पण पन्नास वर्षे एक गोष्ट केली नाही की हात ती करत नाही.

सुकन्याला सरळ सांगायचे होते. सांगितले नाही, कारण मला लाज वाटली. पोरगी यंत्रांत काम करते, जिवाणू मोजते, आणि तिच्यासमोर आजीने म्हणायचे की आज रविवार आहे, मेंढ्या मरतील. ती हसली नसती. पण मला वाटले, मनात हसेल.

म्हणून मी शनिवारी संध्याकाळी बायडाबाईच्या दुकानातून पिशवीतले दही आणले. तसलेच दुसरे मडके घासले, शेळीचे दूध तापवून त्यात ते दही लावले आणि कोनाड्यात ठेवले. आमचे खरे मडके धान्याच्या कणगीच्या मागे लपवले. रविवारी सुकन्या आली. हातमोजे घालून, चमचा स्पिरिटने पुसून तिने स्वतः बाटली भरली. बाटलीवर माझे नाव, वस्तीचे नाव, तारीख लिहिली आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. मी तिच्या बाजूला उभी राहून पाहत होते.

मला वाटले, दही ते दही. त्यांना तपासायचे तर तपासतील. खरे दही मी कधीतरी मधल्या वारी पाठवीन. मधला वार आला नाही. ती उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात अशी तीनदा आली, कारण ऋतूप्रमाणे फरक पाहायचा होता. तिन्ही वेळा रविवार. तिन्ही वेळा बायडाबाईचे दही. तिसऱ्या वेळी बायडाबाईने पिशवी देताना म्हटले, "चतुरे, नात आली का पिशवीतलं लागतंय तुला. काय करतीस काय?" मी पैसे ठेवले आणि पिशवी उचलली. तिला उमगले. त्या दिवसापासून ती मला दुकानात सगळ्यांच्या नंतर सामान देते. कलम चारचे कारण हे. तिने आजवर जीभ आवरली हे खरे, पण मला तिच्यासमोर मान खाली घालायला लावली हेही खरे.

तिकडे तिन्ही बाटल्यांत एकच निघाले. बाजारच्या पिशवीत कंपनीवाले घालतात तेच जिवाणू, मोजून तेच. सुकन्याच्या सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारले, गावाला गेली होतीस की स्टँडवरच बाटली भरलीस? ती म्हणाली, मी माझ्या हाताने आजीच्या मडक्यातून भरले. ते म्हणाले, मग यंत्र खोटे बोलते का? तिचे नाव कामातून काढले. दुसऱ्यांनी दुसरीकडचे विरजण घेतले आणि काम पुढे गेले. हे मला रोहिणीने फोनवर रडत सांगितले. ती म्हणाली, "आई, पोरगी खोटारडी न्हाई गं. तुला तर म्हाईत हाय." मी म्हणाले, मला माहीत आहे. एवढे बोलून फोन ठेवला.

याला आता दीड वर्ष झाले. सुकन्या बीडमध्ये एका कोचिंग क्लासला मुलांना बायोलॉजी शिकवते. बारीक झाली आहे.

म्हणून मी शपथेवर लिहून देते की तिन्ही बाटल्यांत भरलेले दही दुकानातले होते, ते मी लावले होते, सुकन्याला त्याची काहीही कल्पना नव्हती, आणि तिने जे सांगितले त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. खोटे मी केले. या पानाची नक्कल त्या संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवावी. त्यासाठी मी मरायची वाट पाहू नये, उद्याच पाठवावी.

कलम ६. तिसऱ्या वेळी सुकन्या जाताना एक कापडी पिशवी विसरून गेली. त्यात वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. ती दर वेळी मला वाचून दाखवायची. कोरड्या हवेतून पाणी ओढून घेणारी पूड निघाली आहे. आतड्यातल्या जिवाणूंनी आजार बरे करायचे प्रयोग चालले आहेत. झिजलेल्या गुडघ्यात भरायला मऊ लुकण तयार होत आहे. प्रत्येक कात्रणाच्या शेवटी लिहिलेले असते की अजून काही वर्षे लागतील. मी तिला म्हणायचे, शिरूरच्या हवेत ओढून घ्यायला पाणी आहे का ते आधी विचार, आणि गुडघ्याचे मी असेपर्यंत करा म्हणावे. ती खूप हसायची. माझ्या घरी ती तेवढीच हसायची. आता नवीन शोधाची बातमी आली की गुरुजी वाचतात, मी ऐकते, आणि मला थकल्यासारखे होते. त्यातला एक शोध आमच्या कोनाड्यातून निघाला असता की नाही, हे मी कोणाला कळूच दिले नाही. पिशवी सुकन्याची आहे, तिला द्यावी.

कलम ७. खरे मडके आणि त्यातले विरजण मी सुकन्याला देते. वारांचे बंधन मी उठवते. सासूबाईंनंतर या घराची थोरली मी आहे, तेव्हा उठवायचा हक्क माझा. कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी न्यावे. शेळ्या मेल्या तर त्याचा दोष माझ्यावर, आणि सोमनाथने सुकन्याला एक शब्दही बोलू नये. ती येईपर्यंत वनमालाने रोज दूध घालून ते जिवंत ठेवावे. ती घेणारच नाही म्हणाली तर रोहिणीने पालीला न्यावे.

कलम ८. माझी क्रिया साधी करावी. दहाव्याला लाउडस्पीकर नको. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे होते की नाही हे बजरंग गुरुजींनी पाहावे. त्यांच्याआधी मी गेले तर.

कलम ९. हे कलम नंतर घातले आहे. मसुदा झाल्यावर गुरुजी म्हणाले की मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी म्हणाले, म्हणजे पुन्हा पळूनच जायचे. मग सुकन्याला बोलावून घेतले. परवाच्या रविवारी ती आली. मी मडके उंबऱ्यावर आणून ठेवले आणि तिच्या हातात कागद दिले.

तिने ओसरीवर बसून सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मला वाटले ओरडेल. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि कागद घडी घालून मला परत दिले.

मग म्हणाली, "रविवारी देत न्हाईत, एवढंच हुतं?"

मी म्हणाले, "एवढंच."

"मग सोमवारपातुर थांब म्हनायचं की आज्जे. मी राहिले असते."

ती उठली आणि गेली. मडके नेले नाही. नेईल की नाही मला ठाऊक नाही, म्हणून सातवे कलम आहे तसे ठेवले आहे.

मी तेव्हापासून आठवून पाहते आहे. रीत मोडायची नव्हती, पोरीला नाही म्हणायचे नव्हते, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक रात्र होती. तिच्यासाठी गोधडी होती, घरात पीठ होते. तिन्ही वेळा ती आली तेव्हा दुसऱ्या मडक्याकडे तिचे लक्ष जाऊ नये म्हणून मीच तिला घाई केली, बस चुकेल म्हणून. राहा असे मी तिला एकदाही म्हटले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, गुरुजींकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली सही करते. सही वेडीवाकडी आहे पण माझीच आहे, अंगठाही दिला आहे.

चतुराबाई म्हाळू देवकते
(सही व डाव्या हाताचा अंगठा)

आम्हा दोघांसमोर चतुराबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. मधे एकदा थांबून त्यांनी पाणी मागितले.

साक्षीदार १. शिवशंकर आश्रुबा गडदे, राहणार बरडवस्ती
साक्षीदार २. तानाजी विठोबा शेंडगे, राहणार शिरूर कासार

लिहिणार: बजरंग गुरुजी, निवृत्त शिक्षक

ठिकाण: बरडवस्ती, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड
दिनांक: १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार