गवतावरची गोधडी

१८ जून १९९४, बेसिंगस्टोक, इंग्लंड

आले एकदाची! पुण्याहून निघताना सगळे रडले, मी मात्र विमानात पोटभर जेवून झोपले. गिरीशचं घर झकास आहे. मागे बाग, तिच्यापलीकडे कंबरभर गवताचं रान. त्या गवतानं नवरोबांना शिंका येतात, म्हणून स्वारी खिडक्या लावून बसते. म्हटलं, अरे, लग्न माझ्याशी केलंस की रुमालाशी?

२१ जून

आमच्या घराला जोडूनच असलेल्या, भिंतीपलीकडच्या मिसेस डॉसननी चहाला बोलावलं. एकट्याच असतात. त्यांचा नवरा म्हणे उन्हाळ्यातल्या एका वादळात गेला, वीज पडून नव्हे, श्वास कोंडून. वादळ येणार असलं की भिंतीतून अजून त्याच्या छातीची शीळ ऐकू येते, म्हणाल्या. एकटेपणानं भास होत असतील बिचारीला. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

२४ जून, दुपार

काय उकडतंय! असं ऊन सोडते की काय मी? आईनं दिलेली गोधडी सकाळीच मागच्या कुंपणावर टाकली होती. आत्ता आभाळ भरून आलं, तशी उचलली. पिवळसर धूळ बसली होती, झटकली.

भिंतीतून शीळ येतेय. बारीक, लांबलेली. मी काही घाबरट नाही, पण भिंतीला कान लावायचा धीर होत नाही.

२४ जून, संध्याकाळ

आधी गार वारा सुटला, मग विजा. गिरीश ऑफिसातून चालत आला तो धापा टाकतच. छातीत शीळ. अगदी तीच, भिंतीतली. मी आपला घरचा उपाय केला: पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावरून गोधडी, घे वाफ. तो आतून हात मारत होता. लहान मुलासारखं काय करतोस, म्हणत मी गोधडी घट्ट धरली.

काढली तर ओठ निळे. गोधडीतून पिवळी धूळ उडाली. गवताच्या परागांची. ती मीच त्याच्या नाकातोंडात— मी—

फोन लागला एकदाचा. वादळ आल्यापासून सगळ्यांचाच श्वास कोंडतोय, सगळं गाव फोन करतंय म्हणे, ॲम्ब्युलन्सला उशीर होईल. खिडकीतून पाहिलं. दारादारात माणसं वाकून उभी. घराघरातून शीळ. लिहिलं नाही तर किंचाळेन—

थांबली! गिरीशची शीळ थांबली. हुश्श, देवा, उतार पडला!

फोनवरच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, शीळ होती तोवर हवा जात होती—

गिरीश, ऊठ ना रे. शिव्या दे मला, पण ऊठ—

आली! शीळ परत आली! पण त्याची छाती तर हलत नाही— ही माझ्या—