कॅसेटमधली चेटकीण

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुचवलेल्या नकाशेवाल्या बाईनं माझी झोप उडवली. खोट्या देशाचा नकाशा काढल्याशिवाय ही लेखिका पुस्तकच सुरू करत नाही! काल वाचता वाचता उजाडलं आणि आज बांधणीच्या दुकानात मी चहाच्या कपात गोंदाचा ब्रश बुडवला.

बाबांचे दिवस आठवले. वाचनालयाच्या जाडजूड कादंबऱ्या बांधणीला यायच्या आणि आपण शिवण उसवलेले सोळा-सोळा पानांचे फर्मे पळवायचो. माझं वाचून झालं की फर्मा तुझ्या पांघरुणात. एकदा झोपेच्या भरात ते उलटसुलट लागले, बाबांनी तसेच शिवले आणि नवव्या प्रकरणात मेलेला राक्षस दहाव्यात जेवायला बसला. काय दिवस होते ते!

पण मी पाठवलेल्या ड्रॅगनवाल्या लेखकाबद्दल तू चकार शब्द काढत नाहीस. आवडला नसेल तर शिव्या दे, गप्प बसू नकोस.

लोभाची शिवण घट्ट असू दे.
तुझा,
घुबड

१५ मार्च

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

एवढी मोठी अक्षरं पाहून हसू नकोस. तुझा ड्रॅगनवाला उशाशीच आहे, पहिल्या प्रकरणात अडकलेला. माझ्या डोळ्यांनी दगा दिला रे. माणसं दिसतात, रस्ता दिसतो, पण छापील ओळीच्या मधोमध काळा डाग येतो. डॉक्टर म्हणाले, वाचन आता विसरा. जन्मभर औषधांच्या दुकानात या डॉक्टरांची अगम्य अक्षरं वाचून मी औषधं दिली आणि यांनीच मला हे सांगावं!

तुला कळवायचा धीर होत नव्हता. वाटलं, तू लेखक सुचवणं बंद करशील. तेवढं करू नकोस. तुझ्या पत्रात पुस्तकाचा विषय नसेल, तर मी खरंच आंधळी झाले असं समजेन.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लेकीकडून वाचून घे. सोबत कॅसेटी आहेत. नकाशेवालीचं नवं पुस्तक दुकान बंद झाल्यावर मीच वाचलंय. राजपुत्राच्या आवाजाला तुझी भावजय मागे हसते, तिकडे लक्ष देऊ नकोस. म्हातारी चेटकीण मात्र तुला आवडेल. खाष्टपणात थेट तूच.

जागरण करू नकोस. केलंस तर लोभ वाढेल.
तुझा,
घुबड

२० एप्रिल

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय, लेक लिहितेय. शेवटची कॅसेट संपली तेव्हा पहाट झाली होती. लेक ओरडली. डोळ्यांशिवायही जागरण होतं हे कळून मला इतका आनंद झाला, की रडूच आलं. राजपुत्राला मात्र सर्दी झालीय.

आता मुद्द्याचं. चेटकीण सुखरूप घरी परतते, हे काही मला पटेना. त्या नकाशेवालीनं आजवर कुणाला एवढं स्वस्तात सोडलेलं नाही. लेकीला ते पुस्तक आणायला लावलं. तिनं चाळून सांगितलं, चेटकीण पुलावरच मरते. पुढचं सगळं तुझ्या पदरचं.

तुला ते मोठ्यानं वाचवलं नसेल, समजू शकते. पण ताई आता बिचारी, तिला कशाला रडवायचं, असंही तुला वाटलं असणार. त्याचंच मला फार वाईट वाटलं. ते प्रकरण लेक वाचून दाखवत होती, मी नको म्हटलं. मला ते तुझ्याच आवाजात हवंय. आवाज फुटला तरी कॅसेट थांबवू नकोस. चेटकिणीला मरू दे, घुबडा. मी पोटभर रडेन आणि मग तुला विचारेन, पुढचा लेखक कोण?

लोभ कर, कीव नको.
तुझी,
ताई