ठिपक्याएवढी बाई

चिटगुप्पा, सोमवार, संध्याकाळ

आज थोरल्या अक्काशी खोटं बोलले. सारखं तेच डोक्यात फिरायलंय.

कारवारला दहा दिवस समुद्राकाठी एकटी राहून आले. तिथं हात असा सुटला की इतक्या वर्षांत जमलं न्हाई तसं चित्र झालं. तेवढे दिवस अंथरुणावरच्या अप्पांचं सगळं अक्कानंच केलं.

तिनं समुद्र कधी बघितला न्हाई. चित्र मांडलं तशी ओले हात पदराला पुसत आली. वाळूत लांबवर ठिपक्याएवढी एक बाई आहे. पाणी केवढं मोठं ते कळावं म्हणून नुसता ब्रश टेकवलेला. अक्कानं नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

"ही मी का गं?"

"व्हय," म्हणून बसले. कामून म्हणले? तिथं एकदा तरी तिची आठवण आली होती का? न्हाई आली.

ती त्या ठिपक्याकडं बघतच राहिली. मग हसून म्हणाली, "इतकी लांब कामून उभी केलीस? जरा पुढं जाऊ दे की. पाय तरी भिजू देत माझे."

तेवढ्यात आतून अप्पांची हाक आली. दोघींनाबी ऐकू आली. गेली तीच.