ठकीची अर्धी लोकर

१० मार्च

झाली सुरुवात! ठकीची लव सुटायला लागली. मानेपाशी बोटं घातली तर चिमटीत गोळाच आला. या कॅश्मिअरवाल्या शेळ्यांची मऊ लोकर वर्षातून एकदाच सुटते. तेव्हा विंचरली नाही तर कुंपणाला अंग घासून सगळी घालवतात.

केंब्रिजमधली नोकरी सोडून शेळ्या घेतल्या तेव्हा प्रणव म्हणाला होता, "लोक शेळ्या विकून शहरात येतात, श्रद्धा." म्हणू दे. नवरेच ते!

सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. दारात उभ्या राहून बघत होत्या. "शेळीला कंगवा! स्वतःच्या केसांना कधी लावतेस?"

१४ मार्च

लवेतून राठ केस वेचून काढायचं काम माझ्या जिवावर येतं. आई मात्र ताट घेऊन तांदूळ निवडायला बसल्यासारख्या बसतात. आज स्वतःहून टकळी मागितली. जन्मभर वाती वळल्यात, तरी पहिलं सूत ते पहिलंच — कुठे सुतळीएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक. हसून हसून पुरेवाट झाली आमची.

"हसू नकोस. पहिलं आहे, देवाला वाहीन," म्हणाल्या आणि कार्डिगनच्या खिशात घातलं.

भांडणाशिवाय अख्खी संध्याकाळ. लिहून ठेवते, परत कधी येईल कोण जाणे.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली. कडुलिंब कुठला मिळायला इथे! पण तोरणाला आंब्याची पानं आईंनी पैदा केली. शेजारच्या ग्रॅहमच्या कुंपणाची — तशीच लांब, तशीच चकचकीत. ते कुंपण त्याच्या बायकोनं लावलेलं. ती गेल्यापासून तो दुसऱ्या कुणाला तिथे कात्री लावू देत नाही. आईंना मात्र स्वतः फांद्या तोडून दिल्या. आईंचं इंग्रजी चार शब्दांचं, तरी गप्पा चांगल्या रंगल्या म्हणे. दाराला झकास तोरण लागलं.

ठकीची डावी बाजू विंचरून झाली. उजवी उद्या. पोटातली करडं हाताला लागतात. या पोरीवरच तर सगळी भिस्त आहे माझी.

२० मार्च

ठकी गेली.

२१ मार्च

लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी शेडमध्ये गेले तर आडवी पडलेली. धापा टाकत होती, तोंडाला फेस. व्हेट पोचेपर्यंत संपलं होतं. करडंही गेली. व्हेटनं जबड्यातून अर्धवट चावलेलं पान काढलं. "लॉरेल. हिला कुठे मिळालं हे?"

लॉरेल शेळ्यांना विष — हे मला तोंडपाठ! पुस्तकात वाचलंय. पान ओळखू आलं नाही कधी. आणि बघते तर काय, आमची पाडव्याची आंब्याची पानं!

धावत घरात गेले. "आई, तोरण कुठे टाकलंत?"

"टाकीन कशाला? दारालाच आहे की!"

होतं. जसंच्या तसं, एक पानसुद्धा निघालेलं नव्हतं. इतकं हायसं वाटलं की तिथेच पायरीवर बसले. मग आठवलं — बुधवारी ग्रॅहम कात्री घेऊन कुंपणाशी होता.

तशीच गेले त्याच्याकडे. "तुमचा कचरा माझ्या शेतात टाकलात!"

"सगळं गाडीत भरून कचरा डेपोत नेलं मी," म्हणाला. मग तोच गडबडला. "एखादी फांदी पडली असेल का?"

"असेल का? पडलीच!" खूप बोलले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला!

प्रणव म्हणतो, "पुरावा आहे का तुझ्याकडे?" नवरा आहे की वकील!

२२ मार्च

इथे जनावर शेतात पुरता येत नाही. गाडी येऊन ठकीला घेऊन गेली.

त्याआधी तिची उजवी बाजू विंचरली. आई म्हणाल्या, "नको गं, मेल्या जिवाचं." नाही ऐकलं. डावी बाजू विंचरताना कशी मान माझ्या खांद्यावर टाकायची! पिशवी भरली तरी हात थांबेना. रडत होते आणि ग्रॅहमला शिव्या देत होते.

आई तेव्हापासून टकळीला हात लावत नाहीत. मीही नाही.

२६ मार्च

ग्रॅहम रस्त्यात दिसला. हात वर केला त्यानं. मी मान फिरवली.

२९ मार्च

सकाळपासून करवतीचा आवाज. ग्रॅहमनं कुंपण तोडलं! नुसतं छाटलं नाही, मुळं खणून काढली. एकटा, या वयात.

संध्याकाळी दाराशी आला. हातभर ओरखडे. "आता तुझ्या बाकीच्यांना भीती नाही. आय ॲम सो सॉरी." मी म्हटलं, "ठीक आहे." वर उपकार केल्यासारखी! दार लावल्यावर लाज वाटली.

आई खिडकीतून त्या उघड्या मातीकडे बघत होत्या. "बायकोनं लावलेलं ना गं ते?"

मी पडदा ओढला.

३० मार्च

आज धीर करून ठकीचा कप्पा साफ केला. पेंढा ओढला तर त्यात सूत. कुठे सुतळीएवढं, कुठे केसाएवढं. आईंचं पहिलं, देवाला वाहणार होत्या ते. गाठीगाठीत तोरणासारखे पानांचे देठ अडकलेले — पानं एकही नाही. कप्प्याच्या फळीला कुंकवाचं बोट.

सूत माझ्या मुठीत आहे. आई चहा टाकतायत. आतून ओरडून सांगतायत, "ग्रॅहमला पण बोलव गं! चुकतो माणूस. किती दिवस मनात धरायचं?"